नमुना घरातली खुर्ची

"बूट काढायची गरज नसते तिथे, तरी ते काढतात. आणि टोकं दाराकडे करून जोडीनं ठेवतात," किल्लीवाली म्हणाल्या. माझ्या हातातल्या पेनचं टोपण निसटलं आणि दोन टेबलांच्या मधल्या फटीत गेलं. ही दोन टेबलं त्याच दिवशी सकाळी जोडली होती. एक विक्रीवाल्यांचं, एक आमचं, जाहिरातवाल्यांचं. जोडल्यावर कळलं, की विक्रीचं टेबल आमच्यापेक्षा बोटभर उंच आहे, आणि त्यावरून पहिली दहा मिनिटं थट्टा झाली होती. आमची कंपनी एका माणसापुरती घरं बांधून विकते. एक खोली, न्हाणीघर, छोटा ओटा, मोठी खिडकी. चार वर्षं आम्ही एकाच मजल्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांची उणीदुणी काढत होतो. आम्ही जाहिरात करायची, लोक चौकशी करायचे, त्यांची यादी आम्ही विक्रीकडे पाठवायची. विक्रीवाले म्हणायचे, बाईंनी पुन्हा भुसा पाठवला. आम्ही म्हणायचो, सोन्यासारखी माणसं देतो आणि हे आठ-आठ दिवस फोन करत नाहीत, तोवर ती थंड होतात. दोघंही खरं बोलत होतो आणि घरं पडून होती. शेवटी मोठ्या साहेबांनी एक सल्लागार आणला. दर वाक्यानंतर घोटभर पाणी पिणारा, कुणावरही न रागावणारा माणूस. त्यानं टेबलं जोडून घेतली आणि आम्हाला अकरा कागद दिले. अकरा चौकश्या, ज्यांच्यावरून आमची भांडणं झाली होती. नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे नावावरून कुणी मत बनवायला नको. प्रत्येक कागदावर दोन्ही विभागांनी मिळून एकच शब्द लिहायचा, 'पक्का' किंवा 'सोडा', आणि खाली दोन्ही प्रमुखांनी, आमच्याकडून मी, सही करायची. सोडा म्हटलं की तो नंबर कायमचा खोडायचा. पक्का म्हटलं की दोन तासांच्या आत विक्रीनं फोन केलाच पाहिजे, सवलत सांगायची आणि बारा दिवसांची मुदत द्यायची. दोन तासांचं कलम माझं होतं. सकाळी अर्धा तास भांडून मी ते घालून घेतलं होतं आणि त्या विजयात एक बिस्किट जास्त खाल्लं होतं.

हा अकरावा कागद होता. किल्लीवाली, म्हणजे विक्रीतल्या ज्या बाई लोकांना नमुना घर दाखवतात त्या, आपल्या वहीतून वाचत होत्या. पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ. सहा वेळा आले. दर वेळी गुरुवारी, तीनच्या सुमाराला. मी वहीवर बघत होते, पण मला दिसत होता आमच्या घराच्या दारामागचा कोपरा. तिथे चोवीस वर्षं एक बुटांचा जोड दाराकडे टोकं करून उभा असतो. पाहुणे आले, घर बदललं, जुने बूट जाऊन नवे आले, बूट तसेच. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मग दिसेनासं झालं, भिंतीवरचं बटण दिसेनासं होतं तसं. जगात दाराकडे टोकं करून बूट ठेवणारा माझा नवरा एकटाच असेल असं काही नाही, असं मी स्वतःला बजावलं. हे बजावताना माझी बोटं टेबलाखाली त्या फटीत टोपण शोधत होती.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. ज्याला वस्तू विकायची तो माणूस आधी कागदावर जन्माला घालायचा. त्याचं वय, सवयी, दुखणी, तो काय बोलतो आणि काय लपवतो. मग जाहिरातीचा प्रत्येक शब्द त्या माणसाला विचारून लिहायचा. दीड वर्षापूर्वी ही घरं आली तेव्हा आमच्या पाच जणांना तो माणूस काही केल्या सापडेना. एक दिवस मी उठले आणि दहा मिनिटांत फळ्यावर लिहून काढला. पन्नाशीचा, संसारी. चहा गार होऊ देतो, परत गरम करतो, परत गार होऊ देतो. वर्तमानपत्र मागून पुढे वाचतो. गर्दीत भिंतीशी उभा राहतो. बूट दाराकडे टोकं करून ठेवतो, म्हणजे मनानं तो केव्हाच बाहेर पडलेला आहे. हे शेवटचं वाक्य मी पट्टीनं फळ्यावर टकटक करून सांगितलं होतं आणि माझ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या माणसाला आम्ही 'काका' म्हणू लागलो. काकांना हा रंग चालेल का, काका एवढं मोठं वाक्य वाचतील का. हे सगळं मी कुठून आणलं, तर घरून. घरची छत्री ऑफिसात न्यावी, इतक्या सहज. चहा, वर्तमानपत्र, बूट. मला चोरी केल्यासारखंही वाटलं नाही, कारण माझ्या लेखी ते सामान होतं. ज्याला घर सोडून एकटं राहायचं आहे अशा माणसाचं चित्र मी काढतेय आणि मॉडेल म्हणून नवऱ्याला बसवलंय, हे मला त्या दिवशी कळलं नाही, नंतरच्या दीड वर्षात कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी जाहिरातींत दोनदा वापरलेली आहे.

"भिंतीवर हात ठेवून उभे राहतात," किल्लीवाली वाचत होत्या. "पलीकडचा आवाज येतो का, असं विचारतात. मी म्हणते, अजिबात येत नाही. तर म्हणतात, थोडा यायला हवा. मग खुर्चीत बसतात. तासभर. फोन नाही, पुस्तक नाही. एकदा मी चहा विचारला, तर म्हणाले, नको, घरी जाऊन घ्यायचाय. आणि मॅडम, हे तुमच्यासाठी आहे. दर वेळी विचारतात, ते बोर्डावरचं वाक्य कुणी लिहिलंय, त्या माणसाला भेटता येईल का."

माझी माणसं माझ्याकडे बघून हसली. मीही हसले असणार. ते वाक्य शहरभर लागलेलं होतं. एक खुर्ची. एक खिडकी. काय झालं, असं कुणी विचारणार नाही. लेकीला नोकरीच्या गावी पोचवून आम्ही परत आलो त्या दुपारची गोष्ट. घरात दोघंच, आणि घर अचानक चार खोल्यांचं झालेलं. तो जेवणाच्या टेबलाशी नुसता बसला होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. मी परत विचारलं. मी विचारतेच, माझा स्वभाव आहे तो, माझी आई म्हणायची की ही पोरगी बंद दार दिसलं की ठोठावणारच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो खिडकीकडे बघत म्हणाला, "माणसाला एक खुर्ची हवी, एक खिडकी हवी, आणि काय झालं म्हणून विचारणारं कुणी नको." रागानं नाही, नेहमीच्या आवाजात. मी उठून आत गेले आणि विजेच्या बिलाच्या पाकिटामागे ते लिहून घेतलं. कान टवकारले होते माझे, पण ते बायकोचे कान नव्हते. हा आठवणीतला भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. त्या वाक्याला जाहिरातीचं बक्षीस मिळालं तेव्हाही नाही.

ही घरं आमच्या कंपनीची आहेत हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. बोर्डावर फक्त वसाहतीचं नाव असतं. आणि घरी मी कामाचं बोलत नाही. पूर्वी बोलायचे. तो नकाशाच्या खात्यात होता, जमिनी मोजायचा, त्याला आमचं जग पोकळ वाटायचं. एकदा म्हणाला, तुम्ही जे नाही ते विकता. मी म्हटलं, तुम्ही जे आहे त्यावर नुसत्या रेघा मारता. त्यावर आम्ही दोघं हसलो होतो, पण नंतर त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मागच्या वर्षी त्यानं मुदतीआधीच नोकरी सोडली. गुरुवारी दुपारी तो "जरा जाऊन येतो" म्हणतो. बाहेर जाणाऱ्याला कुठे म्हणून मी विचारत नाही. घरात गप्प बसलेल्याला मात्र काय झालं म्हणून विचारते.

मी कागद जवळ ओढला. नावावर पट्टी होती, नंबरावर नव्हती. शेवटचे तीन आकडे वाचले आणि पहिले वाचायची गरज उरली नाही. मला आठवतंय, मी खोलीतल्या वस्तू मोजल्या. पाण्याच्या बाटल्या नऊ, खुर्च्या बारा. सल्लागार पाणी पीत होता आणि त्याच्या गळ्याची हाडकुळी गाठ वरखाली होत होती. असं काही झालं की माणसं ओरडतात, उठून जातात, असं मला वाटायचं. मी कागदाचा कोपरा दुमडला आणि परत सरळ केला. एवढंच माझ्या हातून झालं.

"सोडा," पहिलवान म्हणाला. पहिलवान म्हणजे विक्रीचा प्रमुख. अंगानं किरकोळ, पण बोलायला लागला की समोरच्याला खाली पाडल्याशिवाय थांबत नाही, म्हणून हे नाव, आणि ते त्याला आवडतं. "मॅडम, अशी गिऱ्हाइकं मी तीस वर्षं बघतोय. हा बसणारा आहे, घेणारा नाही. बायकोच्या धाकातला माणूस. तासभर सुटका मिळाली की खूश. चहाच्या वेळेला बरोबर घरी. हा मरेपर्यंत कुठे जात नाही. लिहा, सोडा."

टेबलाच्या दोन्ही बाजू हसल्या. त्या दिवसातलं पहिलं एकत्र हसणं होतं ते, सल्लागाराला फार बरं वाटलेलं दिसलं. मी त्याच क्षणी 'सोडा' म्हणायला हवं होतं. एक सही, आणि तो नंबर खोडला गेला असता, कुणी त्याला फोन केला नसता, आणि संध्याकाळी मी घरी जाऊन जे काय रडायचं, भांडायचं, विचारायचं ते माझ्या स्वयंपाकघरात केलं असतं. पण बायकोच्या धाकातला, हे शब्द मला लागले. आणि त्याखाली दुसरंही काही होतं. तो जाणार आहे, याचा मला अपमान वाटत होता. आणि हा हलकट म्हणतोय, की त्याच्यात जायचीही धमक नाही. नवऱ्याबद्दल असं कुणी बोललेलं मला खपणार नव्हतं. माणसाचं डोकं कसं चालतं बघा. चार वर्षांची सवय होती. पहिलवान सोडा म्हणाला की माझं तोंड पक्का म्हणायला आपोआप उघडायचं.

"तुम्ही फक्त पैसे काढणारा हात बघता," मी म्हणाले. माझा आवाज चांगला लागला होता. "सहा वेळा येणारा माणूस गंमत म्हणून येत नाही. भिंतीपलीकडून थोडा आवाज हवा म्हणतो, म्हणजे त्यानं तिथे राहून बघितलंय, मनातल्या मनात संसार मांडलाय. आणि बूट. बूट बघा. जो माणूस परक्या घरातसुद्धा बुटांची टोकं दाराकडे करून ठेवतो, तो स्वतःच्या घरात किती वर्षं तसे ठेवत असेल. असा माणूस एक दिवस जातोच. तो घर सोडणारच. मी लिहून देते."

"त्यांना घरी जाऊन चहा घ्यायचा असतो, मॅडम," किल्लीवाली हळूच म्हणाल्या. "असं सांगताना ते जरा हसतात पण."

"ती सवय आहे," मी म्हणाले. "सवयी सुटतात."

पहिलवानानं हात वर केले. "बाई लिहून देतायत म्हणजे प्रश्नच मिटला. बरोबर निघालं तर मी स्वतः पेढे..." असं काहीतरी म्हणता म्हणता त्यानं सही केली. मी केली. माझी सही नेहमीसारखी आली, शेवटच्या फराट्यासकट. मग सल्लागारानं पट्ट्या काढायला सांगितल्या. पट्टीखाली माझ्या नवऱ्याचं नाव होतं, त्याच्या हातचं, नकाशावर गावांची नावं लिहावीत तसं उभं, सुटं, स्वच्छ. मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही समजायचं कारण नव्हतं. पहिलवानानं अकरापैकी पक्के झालेले चार कागद उचलले आणि घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी प्रसाधनगृहात जाऊन नळाखाली मनगटं धरली. आरशात बाई ठीकठाक दिसत होती. मी चिडायचा प्रयत्न करून पाहिला, जमेना. मग आठवत बसले, तो कधी खोटं बोललाय का. नाही. मी कधी विचारलं नाही, एवढंच. तो हळू माणूस. जिना हळू चढणार, घास हळू चावणार, भांडण झालं तर माझं संपल्यावर त्याचं सुरू होणार. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला एकदाच पळताना बघितलं. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरले, तेव्हा मला दोन हातांवर उचलून तो भर दुपारी रस्त्यावर धावत सुटला होता. अनवाणी. दवाखान्यात नर्सनं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग त्याच्या पायाकडे, काच घुसून रक्त येत होतं. ही गोष्ट आम्ही लेकीला हसत सांगायचो, तुझा बाबा कसा वेड्यासारखा पळाला म्हणून. तो माणूस आता सहा गुरुवार एका खोलीत जाऊन बसतो आणि भिंतीवर हात ठेवून बघतो. नळाचं पाणी चालूच होतं. आणि एकदम डोक्यात आलं, आज गुरुवार.

किल्लीवालीकडे मी किल्ली मागितली. म्हटलं, मला एकदा बघायचंय, तीनला कुणी आलं तर मी आहे. त्यांना बरंच वाटलं, त्यांची दाढ दुखत होती. नमुना घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर, एका तयार इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मी चालत गेले. वाटेत तीन ठिकाणी माझं वाक्य लागलेलं होतं. मी मनात दुसरं वाक्य तयार करत होते, त्याला काय म्हणायचं ते. गुरुवारी तू कुठे जातोस. छे. हे कधी ठरवलंस. छे. धंदाच वाक्यांचा असल्यामुळे मला प्रत्येकातली खोट लगेच दिसत होती. पहिलवानाला फोन करून सांगावं, की अकरावा कागद थांबव, असंही मनात आलं. पण का म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते. तो माझा नवरा आहे, आणि तो मला सोडून जाणार आहे असं मी सगळ्यांसमोर सही करून सांगितलंय, हे. मी फोन पर्समध्ये खोल ठेवून दिला.

खोलीत नव्या रंगाचा वास होता. खुर्ची मीच निवडलेली. दुकानदार दोन घ्या म्हणत होता, जोडीत स्वस्त पडत होती, मी एकच घेतली होती आणि कारणही दिलं होतं, की दुसरी ठेवली तर ते घर वाटेल. मी तिच्यात बसले. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसत होती, वाळत घातलेले कपडे, एक बाई वाकून काहीतरी चाळत होती. बघण्यासारखं काही नाही. तरी दहा मिनिटांत माझे खांदे खाली आले. किती महिन्यांत आपण असं बसलो नाही, असं वाटलं, आणि तो एकदम समजल्यासारखा वाटला, आणि पाठोपाठ भीती वाटली. इथे बसून माणसाला खरंच बरं वाटत होतं. माझी जाहिरात खोटी नव्हती. भिंतीपलीकडून कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज अगदी हलका येत होता, येत नाही म्हणून आम्ही सांगतो तो. मी तो ऐकत बसले.

तीनला पाच कमी असताना दाराशी पावलं वाजली. "आज दार उघडंच ठेवलंत?" तो बाहेरूनच म्हणाला, किल्लीवालीला. वाकून बूट काढले, आत आला, जोड वळवून टोकं दाराकडे केली, हातानं सारखी केली. मग वर बघितलं.

मला वाटलं होतं, तो दचकेल, चोर सापडल्यासारखा. तसं काही झालं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, परत माझ्याकडे. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं. "तू पण?" तो म्हणाला. "तू पण येतेस इथे?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. आवाज खाली गेलेला. "मी तर नुसता बसायला येतो गं. इथे शांत वाटतं. घ्यायचं वगैरे माझ्या मनातही नाही, घेऊन काय करू मी. तू..." तो थांबला. "तू घेणार आहेस का?"

मला हा चेहरा ओळखीचा होता. दुपारी नळाशी उभी असताना आरशात मला ठीकठाक दिसणाऱ्या बाईच्या आत हाच चेहरा होता. पहिलवान बरोबर होता. तीस वर्षं माणसं बघितलेल्या त्या किरकोळ माणसानं न बघता माझा नवरा ओळखला होता, आणि मी... मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं असतं, आणि ते यायच्या आत म्हणून मी घाईनं म्हणाले, "मी इथे काम करते. ही घरं आमची आहेत. कंपनीची. ती जाहिरात मी केलीय."

"ते वाक्य?"

"तुझंच आहे. लेकीला सोडून आलो त्या दिवशी तू म्हणाला होतास. मी लिहून ठेवलं."

त्यानं भिंतीवर हात ठेवला. पलीकडे भांडी लावून झाली असावीत. "मला वाटलं," तो म्हणाला, "माझ्यासारखा आणखी कुणीतरी आहे."

तेव्हा त्याचा फोन वाजला. तो नेहमीप्रमाणे तीन रिंग वाजू देऊन मग बघायला लागला. नको घेऊस, असं मी म्हणाले का नुसतं मनात आलं, आठवत नाही. दोन तासांचं कलम माझं होतं आणि पहिलवानानं चार वर्षांत पहिल्यांदाच वेळेत फोन केला होता. पहिलवानाला बोलताना खरं तर फोनची गरज नसते, त्याचा आवाज तसाच पोचतो. मला खुर्चीत बसून सगळं ऐकू येत होतं. साहेब, अभिनंदन, तुमचं नाव आम्ही पक्क्या यादीत घेतलंय. खास सवलत, फक्त बारा दिवस.

"मी घेणार आहे असं मी कुणाला म्हणालो नव्हतो," माझा नवरा शांतपणे म्हणाला.

"तुम्ही नाही हो, साहेब, मीही हेच म्हणत होतो. पण आमच्या जाहिरातीच्या मॅडम आहेत ना, त्यांना माणसाची पारख फार. सगळ्यांसमोर सही करून दिलीय त्यांनी, हा माणूस घर सोडणारच. म्हणे ज्याचे बूट दाराकडे तोंड करून असतात, तो एक दिवस जातोच. खोटं का बोलू, पटलं आपल्याला. मग, कधी येताय?"

"कळवतो," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मग वळून आपल्या बुटांकडे बघितलं. कुणी नव्यानं आणून ठेवलेत तसे बघितले. मी उठून उभी राहिले होते. मी म्हणाले, "अरे, ते बोलण्याच्या भरात... तो माणूस तुझ्याबद्दल काहीबाही बोलत होता, म्हणून मी." माझ्याच कानाला ते खोटं ऐकू आलं, खरं असूनसुद्धा.

"तू पडलीस ना, लेकीच्या वेळी," तो म्हणाला. पत्ता सांगावा तसं सांगत होता, एकेक खूण. "तेव्हा मला बूट सापडले नाहीत. एक पलंगाखाली गेला होता, दुसरा कुठे होता देव जाणे. शोधण्यात वेळ गेला आणि शेवटी तसाच निघालो. तेव्हापासून असे ठेवतो. परत कधी तुला उचलून पळायची वेळ आली तर."

काय झालं, असं विचारायलाही आता काही उरलं नव्हतं. चोवीस वर्षांत मी एकदा विचारलं असतं तर हे मला दारामागच्या कोपऱ्यात, जाता-येता मिळालं असतं. मी ते विचारलं नाही आणि फळ्यावर लिहिलं.

"सगळ्यांसमोर म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"सही केलीस."

"तू आहेस हे कळल्यावर केली," मी म्हणाले. हे सांगायची काही गरज नव्हती. पण त्या खोलीत तेवढं एक तरी खरं बोलावं असं मला वाटलं. तो मान हलवत राहिला, मोजणीचा आकडा ऐकून घेताना हलवतो तशी, सावकाश, दोन-तीनदा. खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, मी तिच्यापासून बाजूला झाले, पण तो बसला नाही.

"बारा दिवस म्हणाले ना ते?" त्यानं विचारलं.

तो दाराकडे गेला. बूट टोकं बाहेर करून तयारच होते. ते घालायला त्याला काहीच वेळ लागला नाही.